काळ्या पाषाणातला पारदर्शक दगड

आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर रेयदारफ्यर्दुर नावाची समुद्राची लांबट खाडी डोंगरांच्या मधून आत शिरते. तिच्या उत्तर काठावर, एस्कीफ्यर्दुर या मच्छीमारांच्या गावाजवळ, हेल्गुस्तादिर ही जुनी शेतवाडी आहे आणि तिच्या हद्दीतल्या डोंगरउतारावर एक बंद पडलेली खाण आहे. आकाराने ती अगदी किरकोळ. विदर्भातली एखादी मध्यम गिट्टीखदानही तिच्याहून मोठी भरेल. या खड्ड्यातून सोने निघाले नाही, कोळसा निघाला नाही. निघाला तो काचेसारखा स्वच्छ कॅल्साइट, ज्याला जगभर आइसलँड स्पार म्हणतात. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत प्रकाशावर जे मूलभूत काम झाले, त्यातल्या फार मोठ्या भागाला लागणारा स्फटिक या एकाच ठिकाणाहून गेला. प्रकाशशास्त्राच्या इतिहासात ह्युजेन्स, मालुस, फ्रेनेल, फॅरडे ही नावे सगळ्यांना भेटतात. त्यांच्या हातातला दगड कुठून आला, हे मात्र फार थोड्या पुस्तकांत लिहिलेले असते. आइसलँड विद्यापीठातले भूभौतिकशास्त्रज्ञ लिओ क्रिस्तयान्सन यांनी ही उणीव भरून काढण्यासाठी जुने शोधनिबंध, पत्रव्यवहार आणि संग्रहालयांच्या नोंदी वर्षानुवर्षे चाळल्या. या खाणीचे महत्त्व आज कळते ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी, संगमरवर, खडू, शिंपले या सगळ्यांचा मूळ पदार्थ तोच. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूरला भट्टीत भाजली जाणारी चुनखडी आणि हेल्गुस्तादिरचा स्फटिक रसायनाच्या दृष्टीने एकच आहेत. फरक आहे तो घडणीचा. चुनखडीत असंख्य सूक्ष्म कण वेड्यावाकड्या दिशांनी एकमेकांत घट्ट बसलेले असतात, म्हणून ती अपारदर्शक दिसते. आइसलँड स्पारमध्ये वीतभर लांबीचा, क्वचित हातभर लांबीचा, अख्खा तुकडा हा एकच स्फटिक असतो. त्यातला प्रत्येक अणू आपापल्या ठरलेल्या जागी रांगेत बसलेला असतो.

असा स्फटिक तयार व्हायला जागा लागते आणि वेळ लागतो. जागा मिळाली ती ज्वालामुखीच्या खडकात. पूर्व आइसलँड हा बेसॉल्टच्या थरांचा प्रदेश आहे. लाव्हाचे पूर एकावर एक पसरत गेले आणि त्यांचे डोंगर झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या माणसाला हा खडक नवा नाही. दिग्रस परिसरात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. हाच तो बेसॉल्ट. अरुणावती नदीच्या खोऱ्यापासून सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत तो सलग पसरला आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. पूर्व आइसलँडचा बेसॉल्ट वयाने त्याहून फार लहान, साधारण सव्वा कोटी वर्षांच्या आतबाहेरचा. पण वागणूक दोघांची सारखीच. तव्यावरच्या धिरड्याला जशी जाळी पडते, तशी लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी थराच्या माथ्यावर जाळी पडते. पुढे थरांमधून कोमट-गरम पाणी झिरपत राहते. ते खडकातला चुना आणि सिलिका विरघळवून घेते आणि पोकळ्यांत नेऊन साठवते. अशा रीतीने पोकळीत गारगोटी, झिओलाइट नावाच्या गटातली खनिजे आणि कॅल्साइट वाढतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरींच्या ढिगाऱ्यात पांढरे चमकदार खडे दिसतात, ते याच प्रक्रियेतून आलेले.

या दोन प्रदेशांना जोडणारा एक अभ्यासकही आहे. जॉर्ज वॉकर या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने पूर्व आइसलँडचे डोंगर पायी तुडवून कोणत्या खोलीवर कोणता झिओलाइट सापडतो याचे पट्टे आखले. त्यावरचा त्यांचा निबंध १९६० चा. पुढे त्यांनी दख्खनच्या लाव्हाथरांवरही लिहिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या आर. एन. सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या झिओलाइटांची तपशीलवार मांडणी केली. दोन्हीकडच्या खनिजांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट ही नावे दोन्हीकडे भेटतात.

हेल्गुस्तादिरला वेगळे घडले ते पोकळीच्या मापात. इथल्या बेसॉल्टमध्ये बोटभर किंवा मूठभर पोकळ्या नव्हत्या. जुन्या वर्णनांनुसार मुख्य पोकळी सुमारे ३६ फूट लांब, १५ फूट रुंद आणि १० फूट उंच होती. म्हणजे एक चांगली ऐसपैस खोलीच. तिच्या भिंतींवर कॅल्साइट वाढला आणि बरेच स्फटिक मऊ चिकणमातीत रुतलेले सापडले. या मातीला फार महत्त्व आहे. कॅल्साइट हा नाजूक दगड. मोहसच्या मापावर त्याचा कठीणपणा फक्त ३, म्हणजे चाकूने सहज ओरखडा पडतो. तीन ठरलेल्या दिशांनी तो सपाट फुटतो. शिवाय दाब पडला तर आतल्या अणूंचे थर सरकतात आणि स्फटिकाचा काही भाग आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा फिरतो. चाकूचे पाते कडेवर दाबूनही हा बदल घडवता येतो. असा जुळा झालेला स्फटिक दिसायला स्वच्छ असला तरी प्रकाशाच्या कामाचा राहत नाही. मातीत गुरफटलेले स्फटिक डोंगराच्या दाबापासून आणि धक्क्यांपासून बचावले असावेत.

या दगडाचा विज्ञानाशी संबंध १६६९ मध्ये जुळला. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. तिथून कोपनहेगनला आलेले स्फटिक रास्मुस बार्तोलिन या प्राध्यापकाच्या हाती पडले. कागदावरच्या ठिपक्यावर स्फटिक ठेवला की ठिपके दोन दिसतात, हे त्यांनी पाहिले. स्फटिक कागदावरच गोल फिरवला की एक ठिपका जागेवर राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. म्हणजे आत शिरणारा प्रकाश दोन वाटांनी जात होता. एक वाट अपवर्तनाचा नेहमीचा नियम पाळणारी, दुसरी न पाळणारी. बार्तोलिन यांनी याचे वर्णन लॅटिनमध्ये छापले, पण कारण त्यांना सापडले नाही. प्रकाशाला वेग असतो हे १६७६ मध्ये दाखवणारा ओले रोमर पुढे याच बार्तोलिन यांचा जावई झाला.

आजच्या मोजमापात सांगायचे तर नियम पाळणाऱ्या किरणासाठी कॅल्साइटचा अपवर्तनांक १.६५८ आहे, तर दुसऱ्या किरणासाठी तो दिशेनुसार १.४८६ पर्यंत उतरतो. सामान्य खनिजांत एवढा मोठा फरक दुर्मिळ. गारगोटीतही दुहेरी अपवर्तन होते, पण तिथला फरक फक्त ०.००९ आहे, म्हणून डोळ्यांना दोन प्रतिमा दिसत नाहीत. कॅल्साइटचा नैसर्गिक तुकडा एक सेंटिमीटर जाड असला तर दोन प्रतिमांत एक मिलिमीटरहून थोडे जास्त अंतर पडते. निसर्गाने हा परिणाम इतका ठळक ठेवला नसता, तर बार्तोलिन यांच्या काळातल्या साधनांना तो सापडणे अवघडच होते.

ख्रिस्तियान ह्युजेन्स यांनी हे कोडे तरंगांच्या भाषेत मांडले. त्यांचा प्रकाशावरचा ग्रंथ १६९० मध्ये छापून आला. एक किरण स्फटिकात सर्व दिशांनी सारख्या वेगाने पसरतो, म्हणून त्याचा तरंग गोल. दुसऱ्याचा वेग दिशेनुसार बदलतो, म्हणून त्याचा तरंग लंबगोल. एवढे मानले की दोन्ही वाटा भूमितीने काढता येतात. पण ह्युजेन्स यांनी एका स्फटिकातून निघालेले दोन किरण दुसऱ्या स्फटिकातून पाहिले, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. दुसरा स्फटिक फिरवत गेले की प्रतिमा कधी चार दिसतात, कधी दोनच उरतात. याचे कारण आपल्याला सापडले नाही, असे त्यांनी त्याच ग्रंथात मोकळेपणाने नोंदवले. न्यूटनने प्रकाशाच्या किरणाला बाजू असाव्यात असा तर्क केला. त्यापुढे शंभर वर्षे गाडे अडून राहिले.

१८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालुस यांनी घराच्या खिडकीतून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहताना आइसलँडचा स्फटिक डोळ्याला लावला. राजवाड्याच्या तावदानांवरून मावळतीचा सूर्य परावर्तित होत होता. स्फटिक फिरवला तशा त्याच्या दोन प्रतिमा आळीपाळीने फिक्या झाल्या. दुसऱ्या स्फटिकाची गरजच पडली नाही. काचेवरून नुसते परावर्तन होऊनही प्रकाशाला तोच गुण चिकटत होता. मालुस यांनी याला ध्रुवण म्हटले. फ्रेनेल आणि आरागो यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रयोगांची साखळी उभी केली. १८२१ मध्ये फ्रेनेल यांनी निष्कर्ष काढला की प्रकाशाचे कंपन त्याच्या प्रवासाच्या दिशेला आडवे असते. कॅल्साइट या आडव्या कंपनाची दोन एकमेकांना काटकोनातल्या कंपनांत वाटणी करतो आणि प्रत्येकाला वेगळ्या वेगाने पुढे पाठवतो. दीडशे वर्षांचे कोडे इथे सुटले.

स्फटिकशास्त्रालाही या दगडाने मदत केली. फ्रान्समधले पाद्री रने-झुस्त आउई यांनी कॅल्साइट कितीही बारीक फोडला तरी तुकड्यांचे कोन तेच राहतात, या निरीक्षणावरून स्फटिकाच्या रचनेचा सिद्धांत उभारला. त्यांचे पुस्तक १७८४ चे. क्ष-किरणांनी कॅल्साइटमधल्या अणूंच्या जागा लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ मध्ये ठरवल्या. पुढे कॅल्साइट क्ष-किरणांची तरंगलांबी मोजण्यासाठीच वापरला जाऊ लागला.

आतापर्यंत स्फटिक अभ्यासाचा विषय होता. तो अभ्यासाचे साधन झाला ते एडिंबरोच्या विल्यम निकॉल यांच्यामुळे. १८२८ मध्ये त्यांनी कॅल्साइटचा लांबट तुकडा तिरक्या रेषेत कापला, कापलेल्या बाजू घासून गुळगुळीत केल्या आणि कॅनडा बाल्सम या झाडाच्या चिकाने त्या पुन्हा जोडल्या. चिकाचा अपवर्तनांक सुमारे १.५५. म्हणजे कॅल्साइटच्या दोन अंकांच्या मधला. युक्ती सगळी इथे आहे. १.६५८ अपवर्तनांकाचा किरण तिरका येऊन चिकावर आदळतो आणि पूर्ण परावर्तित होऊन बाजूला फेकला जातो. दुसरा सरळ पार होतो. बाहेर पडतो तो एकाच दिशेने कंप पावणारा शुद्ध प्रकाश. अशा जोडलेल्या तुकड्याला निकॉलचा लोलक किंवा नुसते निकॉल म्हणतात. असे दोन लोलक एकामागे एक ठेवून दुसरा काटकोनात फिरवला की अंधार होतो. मग मधे काहीही ठेवा. अंधार कायम राहिला तर त्या वस्तूने प्रकाशाला वळवले नाही. उजेड आला तर वळवले, आणि किती वळवले ते लोलक फिरवून अंशांत मोजता येते.

या एका युक्तीवर एकोणिसाव्या शतकातली कितीतरी दालने उघडली. १८४५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी जड काचेला चुंबकीय क्षेत्रात ठेवून तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरते, हे निकॉलच्या लोलकातून पाहिले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते प्रथमच हाती आले. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे उजवे आणि डावे स्फटिक चिमट्याने वेगळे केले. त्यांचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना फिरवते, असे त्यांना आढळले. रेणूंना डावे-उजवेपण असते, ही रसायनशास्त्रातली मोठी गोष्ट तिथे सुरू झाली.

साखरेचे द्रावणही प्रकाश फिरवते, आणि जितकी साखर जास्त तितके फिरणे जास्त. म्हणून ध्रुवणमापक हे साखर धंद्याचे मोजमापाचे यंत्र झाले. उमरखेड तालुक्यातल्या पोफाळीच्या वसंत कारखान्यापासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, काढतात, तो याच तत्त्वावर. उसाच्या उताऱ्याचा हिशेब आणि त्यावर ठरणारा शेतकऱ्याचा दर, या दोन्हींच्या मुळाशी ते मोजमाप आहे. आजच्या यंत्रांत आइसलँडचा दगड नाही, पण ही पद्धत त्या दगडावर घडली.

भूविज्ञानाचे ऋण याहून थेट आहे. हेन्री सॉर्बी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खडकाच्या चकत्या कागदाहूनही पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. पुढे त्यांची प्रमाण जाडी ०.०३ मिलिमीटर ठरली. सूक्ष्मदर्शकात चकतीच्या खाली एक आणि वर एक असे दोन निकॉल बसवले की खडकातली बहुतेक खनिजे आपापल्या रंगांवरून ओळखू येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मर यांनी भुसावळला कोळशासाठी घेतलेल्या खोल बोअरमधल्या दख्खनच्या लाव्हाथरांचा अभ्यास १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. दख्खनच्या लाव्हाच्या अभ्यासातला तो महत्त्वाचा टप्पा. त्या काळच्या खडक-सूक्ष्मदर्शकांत कॅल्साइटचे निकॉलच असत. एका बेसॉल्टच्या पोटात वाढलेल्या स्फटिकातून दुसरा बेसॉल्ट वाचला गेला, हा या सगळ्या हकिगतीतला सर्वांत विलक्षण भाग. आज निकॉलची जागा ध्रुवण करणाऱ्या कृत्रिम पत्र्यांनी घेतली आहे, तरी भूशास्त्राचे शिक्षक अजून ‘क्रॉस्ड निकॉल’ असेच म्हणतात.

एवढी मागणी पुरवणारी खाण मात्र दुर्लक्षितच राहिली. पहिली दोनशे वर्षे शिस्तशीर खाणकाम असे काही नव्हते. पृष्ठभागावर सापडेल ते गोळा केले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर एस्कीफ्यर्दुरच्या व्यापाऱ्यांनी, विशेषतः तुलिनियुस यांनी, ती भाड्याने घेऊन जोरात खणली. १८६० च्या दशकात सर्वाधिक माल निघाला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये या खाणीतला दोनशे किलोंहून जड तुकडा आहे. निकॉल करायला निर्दोष, लांबट तुकडा लागे आणि कापताना त्यातलाही बराच वाया जाई. तशात मोठ्या लोलकांची हौस वाढली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पुढे अध्यक्ष झालेले विल्यम स्पॉटिसवूड यांच्या व्याख्यानांतले प्रचंड निकॉल त्या काळी गाजले होते. १८७२ च्या सुमारास खोदकाम थांबले, साठे आटले आणि चांगल्या कॅल्साइटची टंचाई उपकरणे बनवणाऱ्यांना जाणवू लागली. त्यांनी कमी दगडात भागेल असे लोलकांचे नवे आकार शोधले. पुढे सरकारने खाण हाती घेतली. काम अधूनमधून चालले आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला खालच्या अंगाने डोंगरात सुमारे ८० मीटरचा बोगदा खणला गेला. काही वर्षांतच, दशकाच्या मध्यावर, ते काम कायमचे बंद झाले.

तोवर दक्षिण आफ्रिकेतून कॅल्साइट येऊ लागला होता, मेक्सिकोही पुढे आला. पण खरा बदल घडवला तो कारखान्यात बनणाऱ्या पत्र्याने. अमेरिकेच्या एडविन लँड यांनी १९२९ मध्ये ध्रुवण करणाऱ्या पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे पोलरॉइड या नावाने तो स्वस्तात आणि हव्या त्या मापात मिळू लागला. तरी दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या नेमसाधनांसाठी अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आणि न्यू मेक्सिकोत कॅल्साइटच्या खाणी चालवल्या. आज लेसरच्या कामात, जिथे अत्यंत शुद्ध ध्रुवण लागते आणि प्लास्टिकचा पत्रा उष्णतेत टिकत नाही, तिथे कॅल्साइटचेच ग्लॅन-थॉम्पसन आणि ग्लॅन-टेलर जातीचे लोलक वापरतात.

या स्फटिकाभोवती एक दंतकथाही आहे. नॉर्स साहित्यात ढगाळ दिवशी सूर्य शोधून देणाऱ्या ‘सूर्यदगडा’चा उल्लेख येतो. १९६७ मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ थॉर्किल्ड राम्स्को यांनी आकाशाच्या ध्रुवित प्रकाशावरून दिशा काढणारा हा स्फटिक असावा अशी कल्पना मांडली. २०११ मध्ये फ्रेंच संशोधकांनी कॅल्साइटने ढगाआडच्या सूर्याची दिशा काही अंशांच्या अचूकतेने सापडते, हे प्रयोगाने दाखवले. चॅनेल बेटांजवळ १५९२ मध्ये बुडालेल्या इंग्रजी जहाजातही कॅल्साइटचा तुकडा मिळाला. पण एकाही व्हायकिंग जहाजात असा स्फटिक सापडलेला नाही. त्यामुळे ही शक्यता म्हणूनच सांगावी, इतिहास म्हणून सांगू नये.

हेल्गुस्तादिरला १९७५ पासून संरक्षित नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. तिथून एक खडाही उचलायला मनाई आहे. महाराष्ट्रात बेसॉल्टच्या पोकळ्यांतली खनिजे जगभर नावाजलेली आहेत. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणीतला हिरवा ॲपोफिलाइट, वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट, जळगाव आणि नाशिककडचे झिओलाइट परदेशी संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय खास त्यांच्यासाठी आहे. पण प्रकाशकामाच्या दर्जाची मोठी खाण इथे उभी राहिली नाही. इथला कॅल्साइट बहुधा दुधाळ किंवा मधाळ रंगाचा असतो, आणि गिट्टीसाठी लावलेल्या सुरुंगाच्या हादऱ्याने स्वच्छ तुकड्यातही तडे जातात. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने कॅल्साइट गौण खनिजांच्या यादीत गेला आणि त्याचे नियमन राज्याकडे आले. गिट्टीचा परवाना देताना पोकळीतल्या खनिजांचा विचार व्हायला हवा. यवतमाळ जिल्ह्यातच शिबला-पारडी परिसरात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे कोरीव दिसणारे स्तंभ उघडे पडले, तेव्हा असे अवशेष किती अवचित हाती येतात हे दिसले होते.

विहिरीच्या ढिगाऱ्यात सापडलेला पांढरा खडा गारगोटी की कॅल्साइट, हे ओळखणे कठीण नाही. गारगोटी काचेवर ओरखडा पाडते; कॅल्साइटवर चाकूचाच ओरखडा पडतो. लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकले तर कॅल्साइट फसफसतो, गारगोटीला काही होत नाही. फुटताना गारगोटीच्या कडा काचेसारख्या वेड्यावाकड्या होतात, तर कॅल्साइटचे तिरक्या विटेसारखे सपाट तुकडे पडतात आणि त्यांच्या बाजूंचे कोन सुमारे ७८ आणि १०२ अंश भरतात. तुकडा स्वच्छ असला तर तो छापील ओळीवर सपाट ठेवून पाहावा. दोन सेंटिमीटर जाडीत अक्षरांच्या दोन प्रतिमा सुमारे दोन मिलिमीटरने सरकलेल्या दिसतात. तुकडा कुठेही ठेवला तरी हे अंतर तेच राहिले आणि आत पांढरट पट्टे किंवा इंद्रधनुषी तडे दिसले नाहीत, तर तो फोडण्याआधी भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवावा.